पाकिटावर लिहिलेली लांबी खरी मानू नका

नेटवर्कचा कोड तपासायला बसले की मी आधी एकच गोष्ट बघते: पॅकेटमधून वाचलेला आकडा पुढे कुठे जातो. सरावाला ओपनएसएसएलची, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरची, १.०.१एफ ही जुनी आवृत्ती घ्या. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड दोष तिच्यात आहे.

जोडणी अजून चालू आहे का हे तपासणाऱ्या हार्टबीट संदेशात एक बाइट प्रकाराचा, दोन बाइट लांबीचे, मग मजकूर आणि शेवटी निदान १६ बाइट भरणा, म्हणजे जागा भरायचे बिनकामाचे बाइट. संदेश खरोखर केवढा आला हे संदेश पोचवणाऱ्या खालच्या रेकॉर्ड थराला ठाऊक असतं. वरचा कोड मात्र पाठवणाऱ्याने लिहिलेल्या लांबीवर विसंबतो. एका बाइटचा मजकूर पाठवून लांबी ६५,५३५ लिहिली, की मेमकॉपी, म्हणजे सांगितले तेवढे बाइट नक्कल करणारं फंक्शन, शेजारची मेमरी उचलते आणि ती उत्तरातून बाहेर जाते. त्यात कुणाचा पासवर्ड असू शकतो, सर्व्हरची खाजगी किल्लीसुद्धा. असे दोष दोन थरांच्या सांध्यातच बसलेले असतात, म्हणून शोध तिथूनच सुरू करा.

कोडक्यूएल या कोड तपासणाऱ्या साधनात टेंट ट्रॅकिंगची क्वेरी लिहा, म्हणजे बाहेरून आलेली माहिती कोडमध्ये कुठून कुठे जाते याचा माग काढा. उगम म्हणून बाइटक्रम बदलणारा मॅक्रो (कोडचा नाव दिलेला छोटा तुकडा) द्या, इथे एनटूएस, जो पॅकेटमधल्या दोन बाइटांचा आकडा बनवतो. असा आकडा बहुतेक वेळा बाहेरूनच आलेला असतो. शेवट म्हणजे मेमकॉपीला दिलेली लांबी. आणि अडसर म्हणजे रेकॉर्डच्या खऱ्या लांबीशी केलेली तुलना. ती नीट ओळखू येईपर्यंत क्वेरी सोडू नका, नाहीतर खोट्या इशाऱ्यांचा ढीग उपसत बसाल.

मग अ‍ॅड्रेससॅनिटायझर (मेमरीतली चुकीची वाचणी-लिहिणी पकडणारं साधन) लावून लिबफझर (प्रोग्रॅमला वेडेवाकडे इनपुट देऊन चूक शोधणारं साधन) चालवा. शेवटी तीच क्वेरी दुरुस्त झालेल्या १.०.१जी वर चालवा. हार्टबीटच्या ओळीवर ती गप्प राहिली पाहिजे.