सभागृहात मराठी स्लाइड घेऊन जाण्याआधी

पॉवरपॉइंट उघडण्याआधी आयोजकांना एक फोन करा. श्रोते कोण आणि किती, पडदा किती फूट रुंद, शेवटची रांग पडद्यापासून किती लांब, प्रोजेक्टरला एचडीएमआय केबल लागते की जुनी व्हीजीए, आणि लॅपटॉप आपला की त्यांचा, एवढं विचारून लिहून ठेवा. "लॅपटॉप आहे आमच्याकडे, तुम्ही फक्त पेनड्राइव्ह आणा" असं उत्तर आलं, तर फॉन्टची काळजी त्याच क्षणी सुरू होते.

वेळेचा हिशेब पत्रिकेवरून करू नका. पत्रिकेत ४० मिनिटं लिहिलेली असतात. दीपप्रज्वलन, सत्कार आणि लांबलेलं प्रास्ताविक ती खाऊन टाकतात. मुख्य भाग २५ मिनिटांचा बांधा. वेळ उरला तरच दाखवायच्या स्लाइड आभाराच्या स्लाइडनंतर ठेवा आणि त्यांचे क्रमांक हातातल्या कार्डावर लिहा. स्लाइड शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. भरभर पानं पुढे ढकलत "हे सोडून देऊ, हेही सोडून देऊ" म्हणायची पाळी येत नाही.

आता मजकूर. स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिहा. सोसायटीच्या सभेत ‘वीजबिलाचे विश्लेषण’ वाचून कुणी मान वर करत नाही. ‘निम्मं वीजबिल पाण्याच्या पंपाचं आहे’ हे वाचलं की मागचेही सरसावून बसतात. त्याखाली फक्त त्या वाक्याचा पुरावा द्या: एक आलेख किंवा एक फोटो. बाकीचं तोंडाने सांगायचं. पूर्ण परिच्छेद पडद्यावर असला की लोक तो वाचत बसतात आणि आपलं बोलणं वाऱ्यावर जातं. आलेखातले आकडे लाख-कोटीत करा; परदेशी अहवालातले १२.५ दशलक्ष तसेच ठेवले तर अर्धं सभागृह मनातल्या मनात शून्यं मोजतं. १.२५ कोटी म्हणा, विषय संपला.

मराठी स्लाइडचा खरा घात फॉन्ट करतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. दुसऱ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि पडद्यावर अगम्य खिचडी येते. म्हणून सगळं युनिकोडमध्येच हवं, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत. तिथे फॉन्ट नसला तरी अक्षरं टिकतात, पण बदली फॉन्ट येऊन ओळी भलतीकडे तुटतात. विंडोजवर निर्मला यूआय सहसा असतोच. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी वापरायचा असेल तर फाइल सेव्ह करतानाच्या पर्यायांत जाऊन फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा. शिवाय पीडीएफ प्रत सोबत ठेवा, त्यात ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालणार नाहीत हे गृहीत धरून. ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘चिठ्ठी’ हे तीन शब्द त्या लॅपटॉपवर नीट दिसले तर बाकीचे बहुधा दिसतील. ओळींमधलं अंतर १.२ पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

अक्षर किती मोठं, हे घरीच मोजता येतं. पडदा ८ फूट रुंद आणि शेवटची रांग ५० फुटांवर असेल, तर साधारण साडेतेरा इंच रुंदीच्या लॅपटॉपपासून ७ फूट मागे जा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पडदा एवढाच दिसणार आहे. वाचायला डोळे बारीक करावे लागले तर अक्षर वाढवा. मावत नसेल तर शब्द कापा. पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट भगवं लिहू नका, ट्यूबलाइटच्या उजेडात ते पुसलंच जातं.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून दोनदा तरी. मनातल्या मनात केलेला सराव नेहमी लवकर संपतो.

सभागृहात पाऊण तास आधी पोहोचा. चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, टाइप-सीचा अडॅप्टर, क्लिकरचे जादा सेल पिशवीत हवेत. केबल जोडून विंडोज आणि पी एकत्र दाबा आणि पडदा डुप्लिकेटवर (लॅपटॉपवर दिसतं तेच पडद्यावर) की एक्स्टेंडवर (दोन्हीकडे वेगळं) ते ठरवा. व्हिडिओ असेल तर आवाज ऐकून बघा: एचडीएमआय लावली की आवाज अनेकदा प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरमध्ये जातो आणि सभागृहात शुकशुकाट. तो हॉलच्या साउंड सिस्टिमला द्यायला वेगळी वायर लागते. व्हॉट्सॲप वेब बंद, नोटिफिकेशन बंद, स्लीप बंद. पडद्यावरचे दिवे घालवा. श्रोत्यांवरचे चालू राहू द्या, जेवणानंतरचं सत्र असेल तर नक्कीच. कॉलर माइक मंगळसूत्राला किंवा पदराला घासला की प्रत्येक हालचालीची खरखर ऐकू येते, तेव्हा जागा नीट निवडा. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर धरा, जाळी मुठीत झाकू नका आणि स्पीकरच्या पुढे जाऊ नका. माइक शिट्टी मारतो तो बहुधा याच दोन कारणांनी. वीज गेली तर ती आल्यावरही दिव्याचा प्रोजेक्टर सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. तेवढ्यासाठी पडद्याशिवाय सांगता येईल असं पाच मिनिटांचं काहीतरी तयार असू द्या.

मान्यवरांची नावं आणि पदं आयोजकांकडून तपासून कार्डावर घ्या, आणि ती अर्ध्या मिनिटात आटोपा. लगेच श्रोत्यांना हात वर करायला लावणारा एक सोपा प्रश्न: "पंप किती वाजता सुरू होतो, कुणाला माहीत आहे?" चर्चा रंगली की कीबोर्डवरचं बी दाबा, पडदा काळा होतो आणि नजरा तुमच्याकडे येतात. प्रश्न आला की तो आधी माइकवर पुन्हा म्हणा, कारण मागे तो ऐकूच गेलेला नसतो. प्रश्नाच्या नावाखाली कुणी भाषण सुरू केलं, तर श्वास घेण्याच्या जागी "म्हणजे तुमचा प्रश्न असा ना…" म्हणून एका वाक्यात मिटवा.

निघताना त्यांच्या लॅपटॉपवरची आपली फाइल आणि ईमेलचं लॉगइन काढा. पेनड्राइव्ह आठवणीने घेतला जातो. अडॅप्टर मात्र प्रोजेक्टरच्या केबललाच लटकत राहतो.