गॅमाच्या खाली कोणतं क्षेत्रफळ आहे, ते आधी विचारा

धुळीवरच्या सल्फर डायऑक्साइडच्या रिॲक्शनवर पीएचडी करायला आलेली मुलं स्पेक्ट्रम आणि आर्द्रतेच्या सेटिंगला घाबरतात. नका घाबरू, ते हाताला बसतं. घात करतो तो गॅमा काढतानाचा एक साधा भागाकार.

पृष्ठभागावर आदळलेल्या रेणूंपैकी किती तिथेच खपले, तो गॅमा. किती आदळले हे काढायला क्षेत्रफळ लागतं. पण कुठलं? कपात भुकटी भरली की वरून दिसतं ते कपाच्या तोंडाएवढं: भौमितिक. नायट्रोजन शोषवून एकेका कणाची बाजू मोजली तर बीईटी, आणि ते हजारो पट भरू शकतं. पेकिंग विद्यापीठाच्या गटाचा 2006 चा पेपर काढा. कॅल्शियम कार्बोनेट, सोबत ओझोन, 40 टक्के आर्द्रता. भौमितिक धरून गॅमा 7.7 × 10⁻⁴, बीईटी धरून 1.4 × 10⁻⁷. भुकटी तीच, प्रयोग तोच, फरक साडेपाच हजार पट! हवेच्या मॉडेलमध्ये पहिला घातला तर धूळ भराभर सल्फेट बनवते, दुसरा घातला तर जवळपास काहीच घडत नाही.

खरा आकडा वायू भुकटीत किती खोल शिरतो यावर ठरतो. म्हणून कंटाळा न करता वेगवेगळ्या वजनाचे नमुने चालवा. भौमितिक गॅमा वजनाबरोबर सरळ रेषेत चढला, तर वायू तळापर्यंत पोचतोय, बीईटी घ्या. रेषा आडवी झाली, की तळचे थर नुसते बसून आहेत. तिथे सगळ्या भुकटीच्या बीईटी क्षेत्रफळाने भागलं तर गॅमा खोटाच लहान येतो. मीही इथेच अडकलो होतो, आणि रिव्ह्यूच्या तक्त्यातून आकडे उचलणाऱ्या सीनियरांचा मला अजून राग आहे. क्षेत्रफळ कुठलं धरलंय ती तळटीप न वाचता आकडा उचलू नका.

बाकी केमिस्ट्री सोपी आहे, खरंच. आधी सल्फाइट बनतं, मग ओझोन त्याचं सल्फेट करतो, आणि वेग पहिल्या पायरीवर अडतो. फक्त आयन क्रोमॅटोग्राफीसाठी (पाण्यातले आयन वेगळे करून मोजायला) भुकटीचा अर्क काढताना पाण्यात थोडं फॉर्माल्डिहाइड घाला, नाहीतर सल्फाइट बाटलीतच सल्फेट होऊन बसतं. हे गाईडपेक्षा लॅबचा जुना टेक्निशियन नीट सांगेल.

पेपरात दोन्ही गॅमा, नमुन्याचं वजन आणि बीईटी छापा. गाईड म्हणेल एकच दे, मोठा दिसणारा. वजनाचा आलेख त्यांच्या टेबलावर ठेवा.