जपानमध्ये गाडी: आधी जागा, मग चाके

नोकरीनिमित्त दोन-चार वर्षांसाठी जपानला गेलेल्या माणसाला तोक्योत गाडीवाचून सहसा अडत नाही. पण कारखाना आइची किंवा शिझुओकासारख्या प्रांतात असेल, स्टेशन लांब असेल आणि घरात लहान मूल असेल, तर गाडीचा विषय लवकरच निघतो. तिथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालत असल्याने चालवणे आपल्याला जड जात नाही. जड जातात ते कागद, आणि त्यांचा क्रम चुकला की पैसे मोजून घेतलेली गाडी विक्रेत्याच्याच आवारात उभी राहते.

निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. भारत आणि जपान दोघेही १९४९ च्या जिनिव्हा करारात असल्याने तो तिथे चालतो, पण जास्तीत जास्त एक वर्ष. तिथला रहिवासी म्हणून नोंद झालेल्या माणसाने दिवाळीला घरी येऊन नवा परवाना नेला, तरी वर्ष नव्याने मोजले जात नाही. त्यासाठी किमान तीन महिने जपानबाहेर राहावे लागते. म्हणून भारतीय परवान्यावरून जपानी परवाना घेण्याची तयारी वेळेत सुरू करावी. ऑक्टोबर २०२५ पासून त्याची लेखी परीक्षा ५० प्रश्नांची झाली असून ९० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. खरी कसोटी प्रत्यक्ष चालवण्याची, कारण पुण्याच्या गर्दीत मुरलेला हात तिथे उपयोगी पडत नाही. डावीकडे वळण्यापूर्वी गाडी डाव्या कडेला न्यावी, आरसा पाहावा आणि मग मान वळवून मागून सायकल येत नाही ना, हे बघावे. ही मान परीक्षकाला दिसेल इतकी वळली पाहिजे. रेल्वे फाटक उघडे असले तरी त्यापुढे गाडी पूर्ण थांबवावी लागते.

गाडी पसंत करण्याआधी ती ठेवण्याची जागा पक्की करावी. घरापासून २ किलोमीटरच्या आत तुमची स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे, असे ‘शाको शोमेइ’ हे प्रमाणपत्र पोलीस ठाण्यातून मिळाल्याशिवाय साधी गाडी नावावर होत नाही. अर्जासोबत घर आणि जागा दाखवणारा नकाशा, जागेची मापे दिलेला आराखडा आणि जागामालकाचे संमतिपत्र लागते. या संमतिपत्रासाठी काही मालक वेगळे शुल्क घेतात, ते आधीच विचारून ठेवावे. पिवळ्या पाटीच्या, ६६० सीसीपर्यंतच्या ‘केई’ गाडीला अनेक लहान गावांत हे प्रमाणपत्र लागत नाही आणि तिचा वार्षिक करही साधारण १०,८०० येनच असतो. थोड्या वर्षांसाठी आलेल्या कुटुंबाने केईच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी गाडी बघताना किमतीच्या आधी ‘शाकेन’ किती उरले आहे, ते विचारावे. ही सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते, आणि तिच्यासोबत वजनावरचा कर व सक्तीचा विमाही भरावा लागत असल्याने मुदत संपत आलेली स्वस्त गाडी पाहता पाहता महाग पडते. पुढच्या काचेवरच्या चौकोनी चिकटपट्टीवर वर्ष जपानी गणनेत छापलेले असते. रेइवा, म्हणजे सध्याच्या सम्राटाच्या कालखंडाच्या, आकड्यात २०१८ मिळवले की आपले साल निघते, म्हणजे रेइवा ८ हे २०२६. मुदत उलटलेली गाडी रस्त्यावर आणली तर दंड तर होतोच, शिवाय परवानाही निलंबित होतो.

सक्तीचा ‘जिबाइसेकी’ विमा फक्त समोरच्या माणसाच्या इजेपुरता असतो: मृत्यूसाठी कमाल ३ कोटी येन आणि जखमांसाठी १२ लाख. समोरच्या गाडीचे किंवा दुकानाच्या काचेचे नुकसान त्यातून भरून मिळत नाही, त्यामुळे ऐच्छिक विमा गाडी ताब्यात घेतली त्याच दिवसापासून असावा.

भारतात परतताना गाडी मित्राला देऊन विमानतळ गाठणे ही नेहमीची चूक आहे. वाहनकराची आकारणी १ एप्रिलला ज्याच्या नावावर गाडी असेल त्याच्यावर होते, म्हणून नाव बदलण्याचे किंवा नोंदणी रद्द करण्याचे काम मार्चअखेरीआधी उरकावे, आणि ते विक्रेत्याने केले असेल तर झाल्याच्या कागदाची प्रत मागून घ्यावी.