जुनी पोर्शे ९११ घेताना: आधी इंजिन, मग मैल

ब्रिटनमध्ये वापरलेली पोर्शे ९११ घेऊ पाहणाऱ्याने जाहिरातीतला मैलांचा आकडा वाचण्यापूर्वी त्या गाडीत नेमके कोणते इंजिन आहे, हे विचारावे. १९९७ साली आलेली ‘९९६’ आणि २००४ साली आलेली ‘९९७’ या दोन पिढ्यांच्या गाड्या नव्या ९११च्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात. परंतु त्यांच्यात बसवलेल्या इंजिनांचे गुणदोष इतके वेगळे आहेत की, इंजिनाची निवड चुकली तर कमी मैलांचा फारसा उपयोग होत नाही.

९९६ ही पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची पहिली ९११. तिचे इंजिन सुरुवातीला ३.४ लिटरचे होते आणि २००२च्या मॉडेलपासून ते ३.६ लिटरचे झाले. या इंजिनात क्रँकशाफ्टची (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचवणारा एक मधला शाफ्ट असतो, आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग असते. कालांतराने सील झिजते, आतले ग्रीस धुतले जाते आणि ताजे तेलही बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही. बेअरिंग तुटले की इंजिनाचे टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ, बिघडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. सुरुवातीच्या गाड्यांतले दुहेरी ओळीचे बेअरिंग बरेच टिकाऊ ठरले, तर त्यानंतर साधारण २००५पर्यंत वापरलेले एकेरी ओळीचे बेअरिंग अधिक बदनाम झाले. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने क्लच बदलतानाच हे काम उरकण्याची पद्धत आहे. म्हणून क्लचचे बिल मागावे आणि त्यात बेअरिंगचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

९९७च्या पहिल्या टप्प्यात (२००४ ते २००८) पुढे मोठ्या आकाराचे बेअरिंग आले. इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते काढता येत नाही. पण ते क्वचितच तुटते, त्यामुळे त्याची फार धास्ती घेऊ नये. या टप्प्यातली खरी चिंता सिलिंडरच्या भिंतींवर पडणाऱ्या ओरखड्यांची आहे आणि ती ३.८ लिटरच्या कॅरेरा एस या अधिक ताकदीच्या मॉडेलमध्ये जास्त आढळते. थंड इंजिनातून येणारी टकटक, वाढलेला तेलाचा खप आणि एका बाजूचा एक्झॉस्टचा नळ दुसऱ्यापेक्षा अधिक काळा असणे, ही त्याची लक्षणे होत. लक्षणे नसली तरी बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडर तपासून घ्यावेत, कारण इंजिन नव्याने बांधण्याचा खर्च गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा गिळतो. या टप्प्यातली गाडी घ्यायचीच असेल, तर ताकद थोडी कमी असली तरी ३.६ लिटरची साधी कॅरेरा मला अधिक शहाणपणाची वाटते.

२००८च्या मध्यापासून ९९७ला थेट इंधन फवारणीचे नवे इंजिन मिळाले. त्यात तो मधला शाफ्टच नाही. जुन्या टिपट्रॉनिक या स्वयंचलित गिअरबॉक्सऐवजी दोन क्लचचा, सात गिअरचा स्वयंचलित पीडीके गिअरबॉक्सही याच वेळी आला. पैसे थोडे जास्त मोजता येत असतील तर हीच गाडी घ्यावी. जीटी३ आणि २००९पर्यंतची टर्बो या अधिक ताकदवान मॉडेलांचे, पोर्शेचे अभियंते हान्स मेट्झगर यांच्या नावाने ओळखले जाणारे इंजिन भक्कम आहे, पण त्यांच्या किमती निराळ्याच पातळीवरच्या आहेत.

आता मैलांकडे वळू. पंधरा वर्षांत वीस हजार मैल चाललेली गाडी विक्रेता अभिमानाने दाखवतो. परंतु उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी सील आणि होस कडक होतात, टायर जुने होतात, आणि छोट्या फेऱ्यांत तेल पुरेसे तापत नसल्याने त्यात ओलावा साठतो. नियमित चाललेली, कंपनीच्या लांब मुदतीची वाट न पाहता दरवर्षी तेल बदललेली आणि प्रत्येक कामाचे बिल जपलेली सत्तर-ऐंशी हजार मैलांची गाडी मी त्याहून पसंत करेन.

आकडा खरा आहे का, हे पाहणे ब्रिटनमध्ये सोपे आहे. एमओटी या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत दरवेळी मैलांची नोंद होते आणि गाडीचा क्रमांक टाकून ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. दुसरा पुरावा इंजिनाच्या संगणकात असतो. त्यात इंजिन किती तास चालले, याची नोंद असते. साठ हजार मैलांना दोन हजार तास लागले असतील, तर सरासरी वेग ताशी तीस मैल येतो आणि तो पटण्यासारखा आहे. हीच सरासरी दहा-बारा मैल येत असेल, तर गाडी वाहतुकीच्या कोंडीत राबली आहे किंवा मीटर मागे फिरवला आहे. याच संगणकात इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरले, हेही सहा पातळ्यांत नोंदलेले असते. खालच्या पातळ्यांतल्या नोंदी सर्रास आढळतात. मात्र वरच्या पातळ्यांतल्या नोंदी बहुधा चुकून खालचा गिअर पडल्याच्या असतात, आणि त्या अलीकडच्या तासांतल्या असतील तर ती गाडी सोडून द्यावी. ९९६मध्ये ही नोंद दोनच पातळ्यांत मिळते.

ही सर्व तपासणी विक्रेत्याच्या नव्हे, तर स्वतः निवडलेल्या पोर्शेच्या जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावी आणि बयाणा देताना तपासणीत दोष आढळल्यास तो परत मिळेल, असे लेखी घ्यावे.