क्रूझरवर निघण्याआधी पायांचं बघा

ठाण्याहून मुरबाडमार्गे माळशेजला जायचं ठरलं की टायरची हवा, चेन, पेट्रोल सगळं बघून होतं. पायांची आठवण येते ती कल्याण ओलांडल्यावर. क्रूझर म्हणजे पाय पुढे ठेवून आरामात बसायची मोटरसायकल. तिची सीट बुटकी, अव्हेंजर 220 ची 737 मिलिमीटर तर मिटिऑर 350 ची 765. त्यामुळे सिग्नलला पाय टेकायची अडचण नसते, त्रास चालत्या गाडीवर होतो. पाय जितके पुढे, तितका भार माकडहाडावर. शिवाय खड्डा आला की फूटरेस्टवर जोर देऊन उठताही येत नाही.

तेव्हा पाकीट नंतर काढा, आधी पाना. इंजिन थंड असताना गाडी मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी हँडल धरायला सांगा. ज्या बुटांत जाणार तेच घालून बसा, कारण चपलेवर केलेलं सेटिंग गमबुटात हमखास बिघडतं. पाय फूटरेस्टवर सैल सोडा. बुटाचं टोक गिअर लिव्हरखाली अडकत असेल तर लिव्हर खाली आहे. गिअर उतरवताना अख्खा पाय उचलावा लागत असेल तर वर. लिंकेज रॉड (लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणारी सळई) असेल तर दोन्हीकडचे चेक नट, म्हणजे रॉड जागेवर घट्ट धरणारे नट, सैल करून रॉड अर्धा अर्धा फेरा फिरवत बघा. एका टोकाचे आटे बहुतेक उलटे असतात, त्यामुळे नट हलत नाही म्हणून जोर लावू नका. रॉड नसेल तर लिव्हर ज्यावर बसते त्या दातेरी शाफ्टवर मार्करने खूण करून लिव्हर एकच दात सरकवा.

ब्रेक पेडल नुसत्या पायाच्या वजनाने दबता कामा नये. ड्रम ब्रेक असेल तर उंची बदलल्यावर फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधी पेडल मोकळं हलतं ते अंतर) आणि मागचा लाल दिवा तपासा. डिस्क असेल तर मेकॅनिककडेच द्या. फ्री प्ले उरला नाही तर पॅड घासत राहतात आणि तापतात.

लेगगार्डवरचे हायवे पेग, म्हणजे पाय लांब करून ठेवायचे जादा फूटरेस्ट, दिसायला झकास, पण घोडबंदर रोडवर मी त्यांवर पाय ठेवणार नाही. तिथून ब्रेकपर्यंत पाय यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पुढची रिक्षा थांबलेली असते. मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा असेल तर थोडा वेळ पाय लांब करायला ठीक. घेणार असाल तर पाइपचा व्यास मोजून घ्या, क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घाला आणि गुडघा थोडा वाकलेलाच राहील अशा बेताने बसवा.

मागे कुणी बसणार असेल तर त्यांचे फूटरेस्ट नीट उघडतात का, तेही बघा.

मग ऐरोलीवरून पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत एक चक्कर मारा, पाना खिशात ठेवून. तळव्याला मुंग्या आल्या तर फूटरेस्टचं झिजलेलं रबर बदला. मांडीखाली रग लागली तर सीटची पुढची कड सीटवाल्याला दाखवा. नडगीचा पुढचा भाग भरून आला तर गिअर लिव्हर अजून एक दात खाली हवा.