मॅटवरच्या कुस्तीसाठी जोर-बैठका: मेहनतीची मांडणी कशी करावी

केवळ शरीराच्या वजनावर केलेल्या मेहनतीने मॅटवरच्या कुस्तीची तयारी होते का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी जोर-बैठकांची नेहमीची मांडणी दोन ठिकाणी बदलावी लागते. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीची लढत 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती मिळते. एवढ्या वेळात पट काढणे (पाय धरून पाडणे), पट सोडवणे, प्रतिस्पर्ध्याला उचलणे अशा काही सेकंदांच्या जोरकस हालचाली पुन्हा पुन्हा येतात आणि मधला वेळ मान-मनगट धरून रेटारेटी करण्यात जातो. शेकडो बैठका एका संथ लयीत मारणाऱ्या पैलवानाचा दम दुसऱ्या फेरीत तुटतो तो यामुळेच: त्याच्या पायांना टिकण्याची सवय झालेली असते, झटक्यानंतर लगेच सावरण्याची नसते.

पहिला बदल ताकदीचा आहे. जोर मारताना हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो, म्हणजे 74 किलोच्या पैलवानाला सुमारे 50 किलो. समोरचा गडीही त्याच वजनगटातला असतो आणि तो उचलू देत नाही. सलग 50 जोर सहज निघू लागल्यावर संख्या 100 वर नेली, तर वाढते ती मुख्यतः चिवटपणा. ताकद वाढवायची असेल तर भार वाढवावा लागतो. त्यासाठी लोखंड नसले तरी चालते. साथीदाराला खांद्यावर घेऊन बैठका, साथीदाराने पाठीवर दाब दिलेले जोर आणि आधार धरून एका पायावर मारलेली बैठक, यांचे 5 ते 6 आवर्तनांचे चार संच, प्रत्येक संचानंतर 2 ते 3 मिनिटे विसावा घेऊन करावेत. हे काम अंग ताजे असताना, मेहनतीच्या सुरुवातीलाच उरकावे. एरवी 200 बैठका मारणाऱ्याला ही संख्या हास्यास्पद वाटते, पण सहावे आवर्तन खरोखर जड गेले तरच भार योग्य आहे असे समजावे.

दुसरा बदल ओढण्याच्या ताकदीचा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. जोर ढकलण्याचा व्यायाम आहे, बैठक उठण्याचा. कुस्तीत मात्र निम्मे काम ओढण्याचे असते. जुन्या तालमीला हे ठाऊक होते. दुसऱ्या बाजीरावांचे मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब रूढ केला तो पैलवानांच्याच मेहनतीसाठी. शिवाय दोरखंड चढणे होते आणि रोज खोऱ्याने हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती उकरणे होते, ज्यात पाठ, कंबर आणि पकड एकाच वेळी कामाला लागत. मॅट आली, माती उकरण्याचे काम संपले आणि मागे फक्त जोर-बैठका उरल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस पायांचा आधार न घेता दोरखंड चढावा. दोर नसल्यास आडव्या बारवर जाड टॉवेल टाकून त्याची दोन्ही टोके धरून अंग वर ओढावे. टॉवेल निसटू लागला की संच तिथेच थांबवावा.

दमाची मेहनत लढतीच्या घड्याळावर बसवावी. 15 सेकंद पूर्ण वेगाने सपाट्या (जोर आणि बैठक जोडून) मारून पुढची 15 सेकंद पवित्र्यात, गुडघे वाकवून फिरत राहावे. त्यानंतर 15 सेकंद पाय मागे फेकून छाती जमिनीकडे नेण्याची, पट अडवण्याची हालचाल करावी आणि पुन्हा 15 सेकंद पवित्रा घ्यावा. हा क्रम तीनदा, म्हणजे 3 मिनिटे, मग 30 सेकंद विश्रांती आणि पुन्हा 3 मिनिटे, ही झाली एक लढत. सुरुवातीला अशा दोन लढती, मध्ये 5 मिनिटे थांबून, पुरेशा आहेत. प्रगती मोजायची तर साथीदाराला दोन्ही फेऱ्यांतील पट अडवण्याच्या हालचाली मोजायला सांगावे. दुसऱ्या फेरीची संख्या पहिलीच्या जवळ येईपर्यंत तिसरी लढत जोडू नये. बॉक्सरनेही हीच पद्धत वापरावी, फक्त 3 मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये 1 मिनिट असा हिशेब धरावा.

मानेबाबत घाई नको. डोके टेकवून पूल (अंगाची कमान) करताना पहिले काही आठवडे हातांनी भार पेलावा, आणि मानेत कळ आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवावे. चवड्यावरच्या बैठकांनी गुडघा दुखत असल्यास टाच टेकवून, कमी खोल बैठक मारावी.

यातले काहीही प्रत्यक्ष लढतीच्या सरावाची जागा घेत नाही, म्हणून ही मेहनत आठवड्यातून तीनच दिवस आणि लढतीच्या सरावानंतर किंवा वेगळ्या वेळी ठेवावी. स्पर्धेच्या आठवड्यात संच निम्मे करावेत, वेग तोच ठेवावा. वजन उतरवणे सुरू असेल तर शेवटचे दोन दिवस दोरखंड आणि सपाट्या दोन्ही पूर्ण बंद ठेवून हलका सरावच करावा.