आधी पेटंटचा अर्ज, मग प्रदर्शन

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. पंपाची बॉडी धरायला मी एक फिक्श्चर बनवलं. जॉब, म्हणजे ज्या भागावर काम करायचं तो, मशीनवर बांधायचा वेळ निम्म्यावर आला. आनंदाच्या भरात ते एका प्रदर्शनात मांडलं आणि तिथंच पेटंटचा हक्क गमावला. सरकारनं खास अधिसूचित केलेलं प्रदर्शन नसेल, तर चारचौघांत दाखवलेली वस्तू कायद्यानं 'नवी' राहत नाही. म्हणून गिऱ्हाइकालाही दाखवण्याआधी अर्ज करा.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीपासून. ती फुकट असते, पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ते प्रमाणपत्र फॉर्म २८ सोबत जोडलं की लहान उद्योगाची सवलत मिळते. २०२० पासून ऑनलाइन अर्जाची फी आपल्याला ८,००० ऐवजी १,६०० रुपये पडते. लहान कारखानदारासाठी सरकारनं केलेलं हे खरोखर मोलाचं काम आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना ते ठाऊकच नाही!

सगळं तयार होईपर्यंत थांबू नका. फॉर्म १ आणि २ भरून 'प्रोव्हिजनल', म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, तारीख तुमच्या नावावर लागते. पूर्ण वर्णन मात्र १२ महिन्यांत द्यायलाच हवं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. त्यातले दावे, म्हणजे नेमकं काय तुमचं, ते चांगल्या पेटंट एजंटकडून लिहून घ्या. इथं पैसे वाचवू नका.

अर्जाची तपासणीही आपणहून मागावी लागते, फॉर्म १८ भरून. घाई असेल तर १८-ए. लहान उद्योगांना तो मार्ग खुला आहे.